बिनदाण्याचं घर

आमच्या घरी सगळ्यांत जास्त जपावं लागतं ते एकादशीला. एरवी शेंगदाणे कुठे असतील याचा थोडाफार अंदाज असतो. एकादशी, चतुर्थी, महाशिवरात्र, नवरात्र या दिवसांत मात्र ते सगळीकडेच असतात. साबुदाण्याची खिचडी, साबुदाणे वडे, वरीच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, बटाट्याच्या भाजीत कूट आणि वर गोड म्हणून दाण्याचा लाडू. शेजारच्या काकू वाटी झाकून घेऊन येतात, शाळेत कितीतरी मुलांच्या डब्यात खिचडी असते, देवळात हातावर प्रसाद पडतो. आणि आमच्या लेकीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. मूठभर दाण्यांची गोष्ट सोडाच, कोशिंबिरीतलं चिमूटभर कूटसुद्धा तिच्या जिवावर बेतू शकतं.

मी मूळचा सोलापूरचा. आमच्याकडच्या स्वयंपाकात दाण्यांवाचून पान हलत नाही. उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाची चटणी, तिच्याबरोबर कडक भाकरी, सणाला शेंगापोळी, भरल्या वांग्यात कूट, पातळ भाजी दाट व्हावी म्हणून कूट. माझ्या आईच्या हातची चटणी नात्यागोत्यात प्रसिद्ध. पुण्याला आमच्याकडे यायचं ठरलं की तिच्या पिशवीत कपड्यांच्या आधी चटणीचा डबा जायचा. बायको रत्नागिरीची, तिच्या माहेरी जिथे तिथे ओलं खोबरं. आमच्या स्वयंपाकघरात ही दोन्ही माहेरं-सासरं सुखाने नांदत होती. तांदळाच्या डब्याशेजारी दाण्याच्या कुटाचा डबा असायचा आणि तो रिकामा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

लेक वर्षाची होत आली होती. नुकतेच दात येत होते, जे दिसेल ते तोंडात घालायचं वय. आईने दाण्याचे लाडू वळले होते. परातीतलं थोडं बोटावर घेऊन तिने नातीला चाटवलं, जसं तिने मला चाटवलं असेल, माझ्या बहिणीला चाटवलं असेल. काही मिनिटांतच पोरीच्या ओठांभोवती लाल गांधी उठल्या. डोळ्यांच्या पापण्या सुजून मिटत आल्या. तिला भडाभडा उलटी झाली, मग खोकला सुरू झाला आणि रडण्याचा आवाज घोगरा होत गेला. सगळ्यांत भीती वाटली ती तिचं रडणं थांबलं तेव्हा. ती माझ्या खांद्यावर मान टाकून गप्प पडली होती, अंग गार आणि ओलं. दवाखाना जवळ होता हे आमचं नशीब. तिथल्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, "काय खाल्लं?" आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत मांडीत इंजेक्शन दिलं. ॲड्रेनलिन. थोड्या वेळाने तिच्या गालांवर रंग परत आला आणि ती मोठ्याने रडायला लागली. इतकं सुंदर रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्या रात्री तिला तिथेच ठेवून घेतलं, कारण अशी रिॲक्शन ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकते.

आई तेव्हापासून कितीतरी दिवस जेवणाच्या ताटावर नुसती बसायची. "माझ्याच हातून झालं" हे एकच वाक्य. आम्ही समजावून थकलो. शेवटी तिला डॉक्टरांकडेच घेऊन गेलो. त्यांनी तिला समोर बसवलं आणि मराठीत, घाई न करता, सगळं सांगितलं. तिच्यासाठी सांगितलेलं ते सगळं माझ्याही कायमचं लक्षात राहिलं.

लेकीला तान्हेपणापासून एक्झिमा होता. गाल आणि कोपरांच्या घड्या कायम लाल, खरखरीत. निरोगी कातडी बाहेरच्या गोष्टी बाहेरच ठेवते. एक्झिमाची कातडी ठिकठिकाणी उघडी पडलेली असते. घरातल्या धुळीत अन्नाचे अगदी बारीक कण असतात. मिक्सरमध्ये रोज कूट होणाऱ्या घरात दाण्यांचे तर असतातच. ते कण अशा कातडीतून शरीरात शिरले की शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांना शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. उलट तेच अन्न लहानपणी पोटातून गेलं तर शरीर बहुधा त्याला आपलं मानायला शिकतं. लंडनचे डॉ. गिडियन लॅक यांनी ही मांडणी पुढे आणली. २००३ साली त्यांच्या गटाने दाखवलं की ज्या बाळांच्या कातडीला शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली गेली होती त्यांच्यात दाण्याची ॲलर्जी जास्त आढळली. पुढे २००८ मध्ये त्यांनी इस्रायलमधल्या आणि ब्रिटनमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. इस्रायलमध्ये बाळांना दाण्याचा कुरकुरीत खाऊ लवकर देतात, ब्रिटनमध्ये तेव्हा देत नसत. आणि ब्रिटनच्या मुलांत दाण्याची ॲलर्जी दहा पट होती. मग त्यांनी ६४० बाळं घेतली, चार ते अकरा महिन्यांची, तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. अर्ध्यांना नियमाने दाण्याचे पदार्थ दिले, अर्ध्यांना पाच वर्षांची होईपर्यंत अजिबात दिले नाहीत. २०१५ साली निकाल आला. ज्यांना दिले होते त्यांच्यात ॲलर्जीचं प्रमाण न दिलेल्यांपेक्षा ८० टक्क्यांहून अधिक कमी होतं.

"म्हणजे आजी," डॉक्टर म्हणाले, "लहान बाळाला दाणे चाटवायची तुमची रीत वाईट नाहीच. फक्त या पोरीच्या शरीराने तुमच्या लाडवाआधीच निर्णय घेऊन टाकला होता."

आई त्या दिवशी घरी आल्यावर पोटभर जेवली.

तपासण्यांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण त्यात आईबाप फार भरकटतात. लेकीची स्किन प्रिक टेस्ट झाली. हातावर वेगवेगळ्या पदार्थांच्या अर्काचे थेंब, प्रत्येक थेंबातून हलकीशी टोच, आणि पंधरा-वीस मिनिटं वाट. दाण्याच्या जागी गांधी टरारून उठली. तीळ, काजू, हरभरा यांच्या जागी काही नाही. डॉक्टरांनी बजावलं की जे चालतं ते खाऊ घालत राहा, घाबरून बंद करू नका. मी असे पालक पाहिले आहेत ज्यांनी कुठल्याशा जाहिरातीवरून शंभरेक पदार्थांची रक्ततपासणी करून घेतली आणि रिपोर्टात ज्या ज्या नावापुढे खूण होती ते सगळं पोराच्या ताटातून काढून टाकलं. दूध, गहू, डाळी, सगळं. रक्तात प्रतिपिंडं सापडणं आणि प्रत्यक्ष त्रास होणं यांत फार अंतर असतं. कर्नाटकातल्या प्रौढांवरचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात चतुर्थांशाहून अधिक लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडं होती, पण खरोखर ॲलर्जी असावी असे लोक एक टक्क्याच्या आसपास निघाले. मुलाला काय होतं हे आधी विचारायचं, कागद नंतर पाहायचा. नुसत्या कागदावरून मुलाचं दूध तोडणाऱ्यांचा मला राग येतो, आणि त्या आईबापांची दयाही येते, कारण ती भीती मी जवळून ओळखतो.

आता आमच्या घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाच्या आधी एक छोटी पिशवी बाहेर पडते. परदेशात ॲड्रेनलिनचं तयार पेन मिळतं, टोपण काढून मांडीवर दाबलं की झालं. आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. त्यामुळे पिशवीत ॲम्प्यूल असते, म्हणजे औषधाची काचेची बंद कुपी, एक मिलिलिटरची आणि तेवढ्यात एक मिलिग्रॅम औषध, शिवाय बारीक सिरिंज, सुई, कापूस आणि डॉक्टरांनी सही करून दिलेला कागद. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. पंधरा किलोच्या मुलाला ०.१५ मिलिलिटर, म्हणजे सिरिंजच्या तळाशी अगदी थोडं. ज्या रेघेपर्यंत भरायचं ती रेघ डॉक्टरांनी सिरिंजवर मार्करने ठळक करून दिली आहे. वजन वाढलं की ती बदलते. ॲम्प्यूलच्या मानेवर एक ठिपका असतो. ठिपका आपल्याकडे करून मान मागच्या बाजूला मोडायची, मग ती सरळ तुटते. दवाखान्यात आम्हाला रिकाम्या ॲम्प्यूलवर आणि संत्र्यावर सराव करायला लावला. पहिल्यांदा काच मोडताना बायकोचा हात थरथरत होता. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तिने न बघता मोडली आणि सुई आत घालून रेघेपर्यंत औषध ओढून घेतलं. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं. दिल्यावर मुलाला आडवं ठेवायचं, पाय वर. श्वासाला त्रास होत असेल तर टेकून बसवायचं. पण उठवून चालवायचं नाही. आणि मग दवाखाना, बरं वाटलं तरीही. हे सगळं आपल्या डॉक्टरांसमोर बसून शिकायचं असतं, माझं वाचून नव्हे.

लोक अशा वेळी खाजेची गोळी देऊन वाट पाहतात. गोळीने गांधी बसतात, म्हणून पोर बरं झाल्यासारखं वाटतं, पण घसा आणि रक्तदाब यांवर गोळीचा उपाय चालत नाही. जे जीव जातात त्यांतल्या बऱ्याच जणांना ॲड्रेनलिन मिळालेलं नसतं किंवा फार उशिरा मिळालेलं असतं. १९०१ च्या सुमारास जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने हे द्रव्य शुद्ध रूपात वेगळं केलं. कधी कधी ती बोटभर काच हातात धरून मी त्या माणसाची मनोमन आठवण काढतो. ॲम्प्यूलला उन्हाळा सोसत नाही आणि उजेडही नाही. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत पिशवी विसरून चालत नाही. औषध गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर टाकून द्यायचं.

घर बदलणं त्या मानाने सोपं होतं, असं मी म्हणेन. आईसाठी ते सोपं नव्हतं. कुटाचा डबा गेला, मिक्सरचं जुनं भांडं गेलं, लाकडी पोळपाट गेला. घाण्याचं शेंगदाणा तेल बंद झालं, कारण रिफाइन्ड तेलातून प्रथिनं जवळजवळ निघून गेलेली असतात, घाण्याच्या तेलात ती राहतात. आईने काही बोलून दाखवलं नाही. ती हळूहळू स्वयंपाक नव्याने मांडत गेली. भरल्या वांग्यांत कारळं, तीळ आणि सुकं खोबरं. कोशिंबिरीत ओलं खोबरं, सुनेकडून घेतलेलं. खिचडीत भाजलेल्या तिळाचं भरड कूट. आणि चटणी कारळ्याची, कधी जवसाची. तिची शेंगाची चटणी आता फक्त सोलापूरच्या घरी होते, तीही ती एकटी असताना. मध्ये आम्ही तिथे गेलो तेव्हा बस उशिरा पोचली. दारात पोर "आजी!" करून धावली आणि आई दोन पावलं मागे सरली. "थांब गं सोन्या, आजीने आत्ता भाकरी-चटणी खाल्लीय." मोरीत जाऊन तिने कोपरापर्यंत हात साबणाने घासले, चूळ भरली, लुगडं बदललं आणि मगच नातीला पोटाशी धरलं. नुसतं पाणी किंवा सॅनिटायझर पुरत नाही, साबणच लागतो, हे तिला कुणी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

बोरन्हाणाच्या वेळी तिने जे केलं ते मी विसरणार नाही. संक्रांत आली, पाहुणे ठरले, हलव्याचे दागिने आले. मुलांवर ओतायला बाजारातून चुरमुरे आणायचे म्हणून मी पिशवी घेतली. आईने अडवलं. "भडभुंजा ज्या वाळूत चुरमुरे फोडतो त्याच वाळूत शेंगाही भाजतो." हे माझ्या डोक्यातही आलं नसतं, मी बोरं आणि गोळ्यांचाच विचार करत होतो. तिने घरीच ज्वारीच्या लाह्या फोडल्या. ज्वारी सोलापूरहून मागवलेली, आदल्या रात्री पाणी शिंपडून फडक्यात बांधून ठेवलेली. सकाळभर कढईवर कापडी बोळा फिरवत ती बसली होती. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, हलवा आणि या पांढऱ्याशुभ्र लाह्या. शेंगा नाहीत. जमलेली पोरं खाली पडलेलं वेचून तोंडात टाकत होती, आमचीही टाकत होती, आणि आम्ही कुणीही तिच्या हातातून काही हिसकावून घेत नव्हतो. बायको माझ्याकडे बघत होती. इतक्या लोकांत पोर काय खातंय याकडे डोळे न लावता उभं राहणं आम्हाला तेव्हा पहिल्यांदा जमलं.

घराबाहेरची गोष्ट वेगळी. पाकिटातल्या पदार्थांची काळजी तशी कमी. आपल्या देशात २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनुसार पाकिटावर दूध, अंडं, मासे, सोयाबीन, ग्लूटेनची धान्यं, शेंगदाणे अशा ॲलर्जनची नोंद करावी लागते. त्या यादीत तीळ नाही याची मला खंत आहे. अमेरिकेने तो २०२३ पासून धरला. पण आपण पाकिटातलं खातो किती? आपलं खाणं सुट्टं असतं. फरसाणवाल्याच्या काचेमागचं, हलवायाच्या ट्रेमधलं, भेळेच्या गाडीवरचं. काजूच्या मिठाईत स्वस्तात पडावं म्हणून दाण्याची पूड मिसळणारे असतात. हॉटेलातल्या दाट ग्रेव्हीतही काजूच्या नावाखाली दाण्याचं वाटण येतं. सुरुवातीला मी वेटरला विचारायचो, "यात शेंगदाणे नाहीत ना?" आणि तो हमखास म्हणायचा, "नाही साहेब, काही नाही." त्याला आमचं समाधान करायचं असायचं. आता मी विचारतो, "ग्रेव्हीला काय वापरता?" मग तो आत जाऊन विचारून येतो आणि खरं काय ते कळतं. हॉटेलात जेवणाऱ्या प्रत्येक ॲलर्जीवाल्या घराला मला हे सांगावंसं वाटतं.

तरीही पदार्थ हा सगळ्यांत अवघड भाग नव्हेच. पदार्थ ओळखता येतात. अवघड आहे ते माणसांना थांबवणं. आपल्याकडे मुलावरचं प्रेम हातातून थेट त्याच्या तोंडात जातं. एसटीत शेजारी बसलेली अनोळखी आजी पिशवीतून चिक्की काढून पोराच्या हातावर ठेवते. देवळातले गुरुजी ओंजळीत प्रसाद घालतात. हळदीकुंकवाला गेलं की काकू म्हणतात, "घे गं, आईला नको सांगू." यात वाईट काही नाही. हे नसतं तर आपलं जगणं फार कोरडं झालं असतं. आणि आम्ही नेमकं त्याच हाताला मध्येच धरतो. "थांबा, द्यायच्या आधी आम्हाला विचारा." समोरच्याचा चेहरा पडतो. त्यांना वाटतं आपल्या हातचं नाकारलं. किती वेळा मी तो पडलेला चेहरा पाहिला असेल. मला त्याची सवय झालेली नाही आणि व्हावी असं वाटतही नाही.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे वाक्य ऐकलं नाही असा महिना जात नाही. "थोडं थोडं द्या, सवय होईल" हे त्याच्या पाठोपाठ येतं. या दुसऱ्या वाक्यात तथ्य आहे म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे. खरोखरच अशी उपचारपद्धती आहे, ओरल इम्युनोथेरपी. अमेरिकेत २०२० साली त्यासाठी शेंगदाण्याच्या पुडीचं औषध मंजूर झालं. पण त्याची सुरुवात अर्ध्या मिलिग्रॅमपासून होते, तीही डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, इंजेक्शन तयार ठेवून. एका दाण्यात पाव ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं. म्हणजे कुणी काका कौतुकाने "अर्धाच दाणा देतो" म्हणतात तेव्हा ते पहिल्या मात्रेच्या दोन-अडीचशे पट देत असतात. एका लग्नात मी हा हिशोब एका वडीलधाऱ्यांना रुमालावर लिहून दाखवला. ते गप्प झाले, मग म्हणाले, "तू तो रुमाल मला दे. आमच्या धाकट्या सुनेच्या भावाच्या मुलाला अंड्याचं असंच आहे."

गणपतीत आमच्या सोसायटीत दहा दिवस आरती असते आणि रोज एका घराची खिरापत. पहिल्या वर्षी आम्ही आरती संपताच लेकीला उचलून घरी आणायचो. तिच्या मैत्रिणी हातावर खिरापत घेऊन जिन्यात हसत-खिदळत बसलेल्या असायच्या आणि ही दाराच्या जाळीतून बघायची. पुढच्या वर्षी याद्या लावताना दुसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींनी आपणहून फळ्यावर लिहिलं: मुलांच्या ताटात फक्त खोबरं-खडीसाखर, चमचा वेगळा. कुणी हरकत घेतली नाही. इतकं साधं होतं ते. वाटायच्या ताटाला कूट लागलेला चमचा लागू नये म्हणून त्या दहाही दिवस ताटापाशी उभ्या राहिल्या. आम्ही त्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांनी आमच्या पोरीला जाळीमागे पाहिलं होतं.

देवळात काय करायचं हे आम्ही लेकीला आधीच शिकवलं आहे. गुरुजींनी प्रसाद दिला की दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि बाबाच्या हातावर ठेवायचा. पंढरपुरात तिने तसंच केलं. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, साखरफुटाणे, सगळं एकत्र. तिने ओंजळ माझ्या हातात उलटी केली आणि लगेच विचारलं, "साबण आणलाय ना?" मागे उभ्या वारकरी आजींना कौतुक वाटलं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून सुटी खडीसाखर काढली, तिच्याकडे न देता माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "हे चालतं का बघ बाबा." पिशवीत शेंगदाणेही असावेत असं मला वाटलं, म्हणून मी हात जोडून नाही म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. तिच्या डोक्यावरून हात फिरवून पुढे गेल्या.

शाळेचा शोध त्रासाचा होता. एका शाळेने फॉर्म वाचून आम्हाला बसवून सांगितलं की एवढी जबाबदारी आम्हाला घेता येणार नाही. मी त्यांच्याशी भांडलो नाही. जिथे पहिल्याच दिवशी हात झटकतात तिथे पोर सोडायचं कशाला? दुसऱ्या शाळेतल्या ताईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला ते इंजेक्शन द्यायला शिकवा." त्या आमच्या घरी आल्या, बरोबर शाळेतल्या मावशींनाही आणलं. संत्र्यावर दोघींनी सराव केला. मावशींनी डॉक्टरांचा कागद स्वतःच्या अक्षरात मराठीत उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला: ओठ सुजले, आवाज बदलला, खोकला, उलटी, अंग गळालं, तर आधी टोचा, मग फोन करा. डबा खाताना मुलं हवी तिथे बसतात, फक्त खाण्याआधी आणि खाल्ल्यावर सगळा वर्ग साबणाने हात धुतो. शेजारी बसून कुणी दाणे खाल्ले तर नुसत्या वासाने काही होत नाही, हेही आम्ही ताईंना सांगितलं. नाहीतर मुलं तिला एकटी बसवायला लागतात आणि ते दुखणं वेगळंच.

मला काही पालक सुचवतात की शाळेत शेंगदाण्यांवर बंदीच आणा. मी तसं मागत नाही. आपल्याकडे मूठभर दाणे आणि गुळाचा खडा म्हणजे कितीतरी मुलांचं भरवशाचं खाणं आहे. अंगणवाडीतली चिक्की त्याच विचाराने आलेली. तीव्र कुपोषित मुलांना जगभर जी उपचाराची पेस्ट देतात तीही मुख्यतः दाण्यांचीच. माझ्या लेकीच्या जिवावर उठणारी गोष्ट दुसऱ्या पोराला जगवते, तेव्हा त्या पोराच्या डब्यातून ती काढून घ्यायला सांगणं मला पटत नाही. मला हवा आहे तो साबण, कपाटाच्या दारावरचा कागद आणि शिकलेले चार हात.

लेक आता पहिलीत आहे. खाऊ पुढे आला की तीच आधी विचारते, "यात दाणे आहेत? कुणी केलंय? चमचा कुठला?" मोठ्यांना ते कधी आगाऊपणाचं वाटतं. वाटू दे. तिच्या आवाजात भीती नसते याकडे मी कान देऊन असतो. भीती द्यायची नाही आणि धोका लपवायचाही नाही, यात आमची रोज कसरत होते. झोपताना एकदा तिने विचारलं, "मी मोठी झाले की खाता येतील?" दूध आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची वयाबरोबर जाते, दाण्याची पाचातल्या एखाद्याचीच. मी म्हटलं, "येतीलही, नाहीही. डॉक्टर दरवर्षी बघणार आहेत." तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "आजीची चटणी कशी लागते?" मी सांगू लागलो, आधी तिखट, मग खमंग, मग गोडसर. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "मग कारळ्याचीच बरी."

आता शाळेची सहल ठरली आहे, हुरडा पार्टीला. हुरड्याबरोबर दाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, सगळं आलंच. मी बरोबर यायचं म्हटलं तर लेकीने नाक मुरडलं. "बाबा, तू नको. ताई आहेत ना." मी शेतमालकांना फोन केला. हुरड्याबरोबर काय काय देता, एवढंच विचारलं आणि त्यांना बोलू दिलं. आगटीत हुरड्याच्या कणसांबरोबर शेंगाही भाजतात हे त्यातून कळलं. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "पोरांसाठी वेगळी आगटी पेटवतो. तिथे शेंग येणार नाही, मी स्वतः बसतो." ताईंनी पिशवीतल्या ॲम्प्यूलची तारीख बघून घेतली, जवळचं मोठं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे ते विचारून ठेवलं. आईने कारळ्याची चटणी कुटायला घेतली आहे. एवढी कशाला म्हटलं तर म्हणाली, "सगळ्या वर्गाला नको का?"